मच्छलीपट्टण ते अलिबाग: रोडबाईकवरून दोन समुद्र जोडणाऱ्या मोहिमेची तयारी

एका समुद्रात मागचं चाक बुडवायचं, देश आडवा कापायचा आणि दुसऱ्या समुद्रात पुढचं चाक बुडवायचं. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांमध्ये ही जुनी रीत आहे. आपल्याकडे त्यासाठी सगळ्यात सरळ आणि रोडबाईकला, म्हणजे बारीक टायरांच्या हलक्या सायकलला, मानवणारा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६५. तो पुण्यातून निघतो आणि सोलापूर, हैदराबाद, सूर्यापेट, विजयवाडा करत आंध्रातल्या मच्छलीपट्टणला संपतो. त्याला पश्चिमेकडे पुणे–लोणावळा–खोपोली–पेण–अलिबाग हा तुकडा जोडला की अरबी समुद्र ते बंगालचा उपसागर असे साधारण १०५० किलोमीटर होतात. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र अशी चार राज्यं लागतात आणि बहुतेक सगळा रस्ता चौपदरी डांबरी आहे.

मी हा रस्ता दोनदा केला आहे, एकदा घरून निघून आणि एकदा घराकडे येत. त्यातून शिकलेली सगळ्यात मोठी गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं नियोजन तिच्यावर उभं आहे.

आधी दिशा ठरवा

आपल्या मनात मोहीम म्हणजे घरून निघणं असतं. अलिबागहून निघायचं, आंध्रात पोचायचं आणि रेल्वेने परत यायचं. मीही पहिल्यांदा तेच केलं. महिना जानेवारीचा होता. नळदुर्गच्या पुढे सकाळी नऊ-साडेनऊपासून समोरून वारा सुरू झाला आणि जहिराबादपर्यंत त्याने पाठ सोडली नाही. सपाट रस्त्यावर एरवी ताशी २४ चा वेग आरामात मिळतो, तिथे मी १५ वर पेडल मारत होतो. घाट दिसतो तरी, त्याचा माथा कुठे आहे ते कळतं. समोरच्या वाऱ्याला माथा नसतो.

हिवाळ्यात दख्खनच्या पठारावर वारा मुख्यतः ईशान्येकडून आणि पूर्वेकडून वाहतो. म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेला जाणाऱ्याच्या तो तोंडावर येतो. जून ते सप्टेंबरात वारा पश्चिमेचा असतो खरा, पण तेव्हा पाऊस असतो. बोरघाटात धुकं, साइडपट्टीवर चिखल आणि गुळगुळीत टायर हे एकत्र येऊ नये.

दुसरं कारण उन्हाचं. सायकल सकाळी चालवायची असते. पूर्वेकडे तोंड करून निघालात की सूर्य उगवल्यापासून दोन तास डोळ्यांवर असतो. तुम्ही गॉगल लावाल, टोपीची झडप खाली ओढाल. पण तुमच्या मागून येणाऱ्या ट्रकचालकाच्याही डोळ्यांवर तोच सूर्य आहे, आणि त्याला त्या झगमगाटात एक बारीक सायकल दिसायची आहे. पश्चिमेकडे जाताना हेच उलटं होतं. सूर्य पाठीशी, तुमच्या पाठीवर लख्ख उजेड, आणि मागच्याला तुम्ही दुरून दिसता.

तिसरं कारण मनाचं. पूर्वेकडून आलात की दर दोन दिवसांनी ओळखीचं काहीतरी वाढत जातं. हुमनाबादला कानावर मराठी पडते, उमरग्याला पाट्या मराठी होतात, सोलापुरात शेंगाचटणी ताटात येते. आणि शेवटी परतीच्या गाडीची तारीख डोक्यावर टांगलेली नसते. एक दिवस उशीर झाला तर झाला.

चढाचं काय, असं विचाराल. विजयवाडा जवळजवळ समुद्रसपाटीला आहे आणि हैदराबाद ५४० मीटरच्या आसपास. पण ही उंची २७५ किलोमीटरमध्ये चढायची आहे, म्हणजे सरासरी किलोमीटरला दोन मीटर. मधे लाटांसारखे चढउतार आहेत, तरी घाट म्हणावा असं काही नाही. पुढे सोलापूर ४६० मीटर, पुणे ५६०, लोणावळा ६२० आणि मग खोपोलीपर्यंत सरळ उतार. उलट दिशेने हाच बोरघाट सामानासकट चढावा लागतो.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: सायकल घेऊन रेल्वेने मच्छलीपट्टणला जा आणि घराकडे तोंड करून चालवत या.

कधी निघायचं

ऑक्टोबर ते डिसेंबरची सुरुवात हा आंध्र किनाऱ्यावर चक्रीवादळांचा काळ असतो. २०२३ मध्ये मिचौंग वादळ ५ डिसेंबरला बापटलाजवळ किनाऱ्याला धडकलं होतं, आणि बापटला मच्छलीपट्टणपासून फार लांब नाही. त्यामुळे डिसेंबरचा मध्य उलटू द्यावा. मग येते संक्रांत. आंध्रात हा वर्षातला सगळ्यात मोठा घरी जायचा सण, त्यामुळे गाड्या आणि बस भरलेल्या असतात. सोलापुरात तेव्हाच सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असल्यामुळे खोली मिळणं अवघड जातं. त्याहून गंभीर गोष्ट मांजाची. संक्रांतीच्या आगेमागे हैदराबादेत आणि आपल्याकडेही पतंग उडतात, रस्त्यावर आडवा लोंबणारा मांजा दुचाकीवाल्याच्या गळ्याशी येतो, आणि सायकलवर आपण पुढे वाकलेले असतो. ते दिवस टाळाच.

फेब्रुवारीच्या मध्यानंतर विजयवाडा–सूर्यापेट पट्ट्यात दुपारचं ऊन जाणवायला लागतं. राहिला काळ साधारण १८ जानेवारी ते १० फेब्रुवारी. त्यात एक गुरुवार निवडा. गुरुवारच का, ते खाली कळेल.

रोजचे टप्पे

आकडे ठोकळ आहेत. मुक्कामाचं लॉज गावात किती आत आहे त्यावर पाच-सात किलोमीटर इकडेतिकडे होतात.

गुरुवार: मंगिनपुडी समुद्रकिनारा–मच्छलीपट्टण–पामर्रू–विजयवाडा, ८० किमी
शुक्रवार: विजयवाडा–नंदिगामा–जग्गय्यपेटा–कोदाड, ९५ किमी
शनिवार: कोदाड–सूर्यापेट–नकिरेकल–चौटुप्पल, १३० किमी
रविवार: चौटुप्पल–हैदराबाद ओलांडून पटानचेरू, ८५ किमी
सोमवार: पटानचेरू–संगारेड्डी–जहिराबाद, ८० किमी
मंगळवार: जहिराबाद–हुमनाबाद–उमरगा, १०० किमी
बुधवार: उमरगा–नळदुर्ग–सोलापूर, ९५ किमी
गुरुवार: सोलापुरात विश्रांती
शुक्रवार: सोलापूर–मोहोळ–टेंभुर्णी–इंदापूर, ११० किमी
शनिवार: इंदापूर–भिगवण–यवत–लोणी काळभोर, १२० किमी
रविवार: पुणे ओलांडून लोणावळा, ८५ किमी
सोमवार: लोणावळा–खोपोली–पेण–अलिबाग, ७८ किमी

गुरुवारी निघालं की हैदराबाद आणि पुणे ही दोन्ही शहरं रविवारी सकाळी लागतात. या मोहिमेत धोका महामार्गावर जेवढा आहे तेवढाच, किंबहुना जास्त, शहरात शिरताना आणि बाहेर पडताना आहे. हयातनगरपासून एल. बी. नगरपर्यंतचा रस्ता सोमवारी सकाळी आणि रविवारी सकाळी हे दोन वेगळे रस्ते आहेत. हडपसरचंही तेच. शिवाय बोरघाट सोमवारी लागतो, म्हणजे सुट्टीची गर्दी ओसरलेली असते.

प्रत्येक दिवसाचा हिशेब किलोमीटरमध्ये करू नका, घड्याळात करा. उजाडायला लागलं की निघायचं आणि दुपारी एकपर्यंत चाक थांबवायचं, हा नियम धरा. १०० किलोमीटरला ताशी २० ने पाच तास, खाण्यापिण्याचा सव्वा तास आणि पंक्चरसारख्या अडचणीचा अर्धा तास. साडेसहाला निघालात तर एक-सव्वा वाजतो. १३० किलोमीटरच्या दिवशी यात बसत नाही. त्या दिवशी अकरा ते तीन सावलीत काढा आणि उरलेलं उन्हं कलल्यावर करा, पण अंधार पडायच्या आत. रात्री महामार्गावर सायकल चालवायची नाही, यावर माझं मत ठाम आहे. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, करणारे रात्री चालवतात, पण त्यांना तो सराव असतो आणि दिव्यांची तयारीही वेगळी असते.

सायकल

रोडबाईक नवी घ्यायची गरज नाही. आहे ती तयार करा. पहिली गोष्ट टायर. २३ किंवा २५ मिमीचे टायर असतील तर बदला. २८ घाला, आणि फ्रेम व ब्रेकमध्ये जागा असेल तर ३०-३२. साइडपट्टीवरचे खडे, वेग कमी करायला घातलेले रम्बलरचे उंचवटे आणि पुलांच्या सांध्यांवर बसणारे दणके पाहता तीन-चार मिलिमीटर रुंदी फार फरक करते. हवा ठासून भरायची सवय सोडा. ७० किलोचा माणूस, पाच-सहा किलो सामान आणि २८ चा टायर असेल तर ७५ ते ८० पीएसआय पुरे. मागे थोडी जास्त, पुढे पाच-सात कमी.

गियरला पुढच्या चकत्यांना ५०/३४ आणि मागच्यांना ११–३२ दाते असले की गुडघे सुखी राहतात. या दिशेने ११–२८ वरही भागतं.

सामानासाठी कॅरियर लावायच्या भानगडीत पडू नका. बऱ्याच रोडबाईकना त्याची भोकंच नसतात, आणि सीटच्या दांड्याला आवळायचं कॅरियर कार्बनच्या दांड्यावर तर लावूच नये. सीटमागची दहा-बारा लिटरची लांबट पिशवी, फ्रेमच्या त्रिकोणात एक निमुळती पिशवी आणि वरच्या दांडीवर फोन व खाऊची छोटी पिशवी एवढं पुरतं. पाठीवर सॅक घेऊ नका. तिसऱ्या दिवशी मान बोलायला लागते.

निघायच्या तीन आठवडे आधी सायकल मेकॅनिककडे नेऊन चेन, ब्रेकपॅड, केबल आणि चाकांचा आऊट (डगमग) हे सगळं बघून घ्या. तीन आठवडे अशासाठी, की नवीन केबल ताणतात, नवे टायर बसायला वेळ लागतो, आणि ही कुरकुर घराजवळ असताना संपावी.

सोबत घ्यायच्या सुट्या भागांत क्रम महत्त्वाचा. सगळ्यात वर येतो मागच्या डिरेल्यरचा हँगर, म्हणजे गियर बदलणारी यंत्रणा फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा. प्रत्येक फ्रेमचा वेगळा, वजन वीस-पंचवीस ग्रॅम, आणि वाटेत कुठेही न मिळणारा. एकदा रेल्वेतून उतरवून घेतलेल्या माझ्या सायकलचा हँगर वाकलेला निघाला. पिशवीत दुसरा नसता तर मोहीम फलाटावरच संपली असती. त्यानंतर: तीन ट्यूब, पॅच आणि सोल्युशन, एक घडीचा टायर, तुमच्या चेनच्या स्पीडची क्विकलिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), चेन तोडायची सोय असलेलं मल्टिटूल, एक जोडी ब्रेकपॅड, चांगला हातपंप, छोटी तेलाची बाटली, आणि बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर घालायचा पितळी अडॅप्टर. हा अडॅप्टर असला की टपरीवरच्या पंक्चरवाल्याकडेही हवा भरता येते. मात्र ट्रकचा कॉम्प्रेसर असेल तर नळी त्याच्या हातात देऊन गप्पा मारू नका. सेकंदभराने थांबवून टायर दाबून बघत राहा.

ती बारीक तार

या रस्त्यावरची बहुतेक पंक्चरं खिळ्याने किंवा काचेने होत नाहीत. ट्रकचा टायर फुटतो, त्याच्या चिंध्या साइडपट्टीवर पडतात, आणि त्यातल्या पोलादी तारा केसासारख्या सुट्या होऊन विखुरतात. अशी एक तार, जेमतेम तीन-चार मिलिमीटरची, टायरमध्ये घुसते. तुम्ही ट्यूब बदलता, टायरच्या आतून बोट फिरवता, काही लागत नाही, पुन्हा निघता. दहा किलोमीटरवर परत हवा गेलेली असते.

म्हणून हे शांतपणे करा. टायर बसवतानाच त्यावरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या समोर येईल असं बसवलेलं असू द्या. पंक्चर झालं की ट्यूब काढून हवा भरा आणि छिद्र शोधा, ओठाजवळ फिरवलं तर बारीक फुंकरही कळते. छिद्र व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजलं की टायरवर नेमकं कुठे बघायचं ते समजतं. मग टायर तिथे आतल्या बाजूने उलटा दुमडा आणि कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवा. बोटाला न लागलेली तार कापसाचा एखादा तंतू धरून ठेवते. तो तंतू जिथे अडकला तिथे चिमटा लावा. चिमट्याशिवाय ती निघत नाही, नखांनी आणखी आत जाते. नकिरेकलच्या अलीकडे एका बाभळीखाली मी याच प्रकारे तार काढली. तिसऱ्यांदा हवा गेल्यावर. पहिल्या दोन वेळा घाई केली होती.

साइडपट्टीच्या अगदी कडेला बाभळीचे काटे असतात आणि डाव्या कडेच्या कचऱ्यात या तारा. पांढऱ्या पट्टीच्या लगत, साइडपट्टीचा जो भाग वाहनांच्या वाऱ्याने झाडून निघतो, तिथे चालवणं बरं.

तयारी

एका दमात ५० किलोमीटर चालवणाऱ्याला बारा आठवडे पुरतात. आठवड्यात दोन दिवस तासभराची फेरी आणि सुट्टीच्या दिवशी एक लांब फेरी, तीही दर आठवड्याला दहा किलोमीटरने वाढवत. आठव्या आठवड्यापासून शनिवार-रविवार सलग करा. शरीराला एका दिवशी दीडशे किलोमीटर जमतात, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सीटवर बसणं हे वेगळं कौशल्य आहे. वाटलं तर २०० किलोमीटरची एक बीआरएम करून बघा, तिला साडेतेरा तासांची मुदत असते. पण माझ्या मते खरी परीक्षा ही: संपूर्ण सामान लादून सलग दोन दिवस १००-१०० किलोमीटर, दोन्ही दिवशी दुपारी एकच्या आत. तिसऱ्या दिवशी सकाळी गुडघा, मान आणि तळवे तक्रार करत नसतील तर तुम्ही तयार आहात.

तक्रार आली तर ती तेव्हाच मिटवा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे. टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला नेलं की पाय जेमतेम सरळ व्हावा, एवढी उंची साधारण बरोबर. बोटांना मुंग्या येत असतील तर हँडल थोडं वर घ्या आणि चालवताना हातांची जागा दर दहा मिनिटांनी बदला. पॅडच्या पँटी दोन घ्या, रोज धुवा, आत दुसरं काही घालू नका. जिथे घासतं तिथे पहिल्या दिवसापासून व्हॅसलीन लावा, सोलवटल्यावर नव्हे.

सायकल रेल्वेने नेणं

मुंबईहून सुटणारी कोणार्क एक्सप्रेस पुणे, सोलापूर, सिकंदराबादवरून विजयवाड्याला जाते. सायकल आपल्याच तिकिटावर लगेज म्हणून बुक केली की ती त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून, येते. पार्सल म्हणून दिली तर दुसऱ्या गाडीने मागाहून येऊ शकते, म्हणून खिडकीवर ‘लगेज’ हा शब्द स्पष्ट सांगा. तिकिटाची आणि ओळखपत्राची प्रत घेऊन तीन तास आधी पार्सल ऑफिसात पोचा.

बांधणी स्वतः करा. मागचा डिरेल्यर हँगरसकट सोडवून कापडात गुंडाळा आणि फ्रेमच्या आत बांधा. पेडल काढा, हँडल आडवं फिरवा, दांड्यांना फोमच्या नळ्या लावा, वरून गोणपाट शिवून घ्या. दिवे, पंप, बाटल्या, मीटर सगळं काढून स्वतःजवळ ठेवा. पुठ्ठ्यावर नाव, फोन आणि ‘विजयवाडा’ ठळक लिहून दोन ठिकाणी बांधा. उतरल्याबरोबर आधी ब्रेकव्हॅनकडे धाव घ्या. सायकल उतरली नाही तर ती पुढे निघून जाते.

सायकल विजयवाड्यातच जोडा आणि प्रकाशम बंधाऱ्यावरून कृष्णेच्या पलीकडे जाऊन या. दहा किलोमीटरची ही फेरी सायकलची चाचणी समजा. काही बिघडलं असेल तर दुरुस्तीची दुकानं इथे आहेत, पुढे नाहीत. मग लोकल गाडीने मच्छलीपट्टण. गावातले लोक त्याला नुसतं ‘बंदर’ म्हणतात. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचं हे बंदर होतं, इंग्रजांनी १६११ मध्ये इथे वखार घातली. कलमकारीचं कापड आणि बंदर लाडू दोन्हीसाठी अर्धा दिवस ठेवा.

वाटेवर

मंगिनपुडीचा किनारा गावापासून ११-१२ किलोमीटरवर आहे आणि तिथली वाळू चिकणमातीसारखी काळपट आहे. चाक बुडवताना सायकल उचलून न्या. ती माती ब्रेकमध्ये गेली की निघता निघत नाही. चाक बुडवून झाल्यावर बाटलीभर गोडं पाणी तिथेच त्यावर ओता.

आंध्र आणि तेलंगणात सकाळी सहापासून टिफिन सेंटर उघडी असतात. इडली आणि पेसरट्टू, म्हणजे हिरव्या मुगाचा डोसा, हा सायकलस्वाराला उत्तम नाश्ता. दुपारचं जेवण जपून. तिकडचा तिखटपणा आपल्या तिखट खाणाऱ्यालाही भारी पडतो आणि पोट बिघडलं तर दोन दिवस जातात. दहीभात मागा. तेलुगू चार शब्द पुरतात: ‘मंचि नीळ्ळु’ म्हणजे पिण्याचं पाणी, ‘गालि’ म्हणजे हवा, ‘एंत’ म्हणजे किती. बाकी हैदराबादची दख्खनी हिंदी कामाला येते.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तहान लागायची वाट न बघता. थंडीत घाम दिसत नाही, म्हणून लोक पाणी कमी पितात आणि बारा वाजता डोकं धरतं. रोज ओआरएसचं एक मोठं पाकीट लिटरभर पाण्यात करून संपवा.

हैदराबादच्या बाह्य वळण रस्त्याच्या मुख्य मार्गावर सायकलला मनाई आहे, कडेच्या सर्व्हिस रोडवरून जाता येतं. वेळ असेल तर कोल्लूर–नरसिंगी बाजूचा सायकल ट्रॅक बघाच. २०२३ मध्ये सुरू झालेला एकूण २३ किलोमीटरचा हा मार्ग, वर सौर पट्ट्यांचं छप्पर. एवढ्या दिवसांत गाड्यांचा विचार न करता चालवायला मिळणारी ही एकमेव जागा.

जहिराबाद ते उमरगा हा माझा सगळ्यात आवडता पट्टा. सकाळी थंडी असते, हातमोजे आणि वरचा एक थर जवळ असू द्या. जानेवारीत तुरीची रास चालू असते आणि काही ठिकाणी पीक रस्त्याच्या कडेलाच पसरलेलं असतं. त्यावरून जाऊ नका. एक तर ते कुणाचं तरी वर्षाचं पीक आहे, आणि तुरीचे धसकट टायर फाडतात. हुमनाबादला लागूनच माणिकनगर, माणिकप्रभूंचं संस्थान. मधल्या मुक्कामासाठी शांत जागा हवी असेल तर आधी फोन करून सोय विचारता येते. नळदुर्गला बोरी नदीच्या बंधाऱ्यात बांधलेला पाणीमहाल आहे. सोलापूरचा टप्पा ९५ चाच ठेवलाय तो त्यासाठी. किल्ल्यात दोन तास द्या.

सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घ्या. पापडासारखी कोरडी भाकरी आठवडाभर टिकते, वजन नाही, आणि चटणीत तेल, शेंगदाणे, मीठ सगळं आलं. बंद पाकिटातल्या महागड्या एनर्जी बारपेक्षा मी हीच खिशात ठेवतो. मोडली तर मोडू दे, चुरा चटणीत कालवून खाता येतो.

पुढे मोहोळ ते इंदापूर मात्र डोळ्यांत तेल घाला. ऊसतोडीचा हंगाम असतो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. ट्रॅक्टर तुमच्या पुढे जाईल, पण दुसरी ट्रॉली डावीकडे झोल खाते. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला की साइडपट्टीच्या आणखी आत व्हा आणि दोन्ही ट्रॉल्या गेल्याची खात्री करूनच परत या. रस्त्यावर पडलेला ऊस रोडबाईकच्या चाकाखाली आला तर सायकल सरकलीच म्हणून समजा. दुसरा धोका उलट दिशेने साइडपट्टीवरून येणाऱ्या मोटारसायकलींचा. अशा वेळी डावीकडेच राहा, वेग कमी करा, आणि उजवीकडे सरकण्याआधी मागे बघा. हँडलला छोटा आरसा लावला तर फार सोपं जातं.

टेंभुर्णी आणि इंदापूरच्या मधे भीमेवरचा पूल लागतो, वरच्या अंगाला उजनीचं धरण. पुलावर क्षणभर थांबा. हे पाणी भीमाशंकरच्या डोंगरातून येऊन रायचूरजवळ कृष्णेला मिळतं आणि तुम्ही आठवड्यापूर्वी ज्या बंधाऱ्यावरून फिरलात त्याच्याकडेच जातं. भिगवणला फ्लेमिंगो बघायला मिळू शकतात, आणि मासे खाणाऱ्याने तिथेच जेवावं.

अडचणीत महामार्गाची मदत १०३३ वर मिळते, आणि ११२ तर आहेच. गळ्यात किंवा मनगटावर रक्तगट आणि घरचा फोन लिहिलेली पट्टी असू द्या. मागचा लाल दिवा भर दिवसाही लुकलुकता ठेवा. खर्चाचं म्हणाल तर साधं लॉज आणि साधं जेवण धरून रोज माणशी १५०० ते २००० रुपये मी बाजूला ठेवतो.

शेवटचा दिवस

लोणावळ्याहून नीट उजाडल्यावरच निघा. आदल्या रात्री ब्रेकपॅड तपासा, सामानाचे पट्टे पुन्हा आवळा. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, आणि खंडाळ्याच्या पुढे जुना रस्ता व द्रुतगती मार्ग जवळजवळ येतात, तेव्हा प्रत्येक फलक वाचून वळा. साधारण १५ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटर उतरायचं आहे. हात खालच्या वाकलेल्या दांड्यांवर ठेवा, ब्रेक दाबून धरू नका. वळणाआधी दाबा, वळणात सोडा. ट्रकच्या मागे असाल तर मागेच राहा. शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबून रिमला किंवा डिस्कला थंड होऊ द्या. ब्रिटिशांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची गोष्ट सांगतात, आणि मुंबई-पुण्याचे सायकलस्वार इथे नेहमी टेकतात.

खोपोलीहून पेणकडे जाताना विनोबांचं जन्मगाव गागोदे लागतं. पेणच्या पुढे वडखळला अवजड वाहनं फार, तिथे घाई नको. पोयनाड गेलं की कार्लेखिंडीचा शेवटचा छोटा चढ. हा सगळा तुकडा सकाळीच उरका. कोकणात दुपारी समुद्रावरून जमिनीकडे वारा सुटतो, आणि बारा दिवस पाठीशी राहिलेला वारा शेवटच्या वीस किलोमीटरला समोरून यायला लागतो.

अलिबागच्या वाळूत सायकल पुन्हा उचलून न्या. पुढचं चाक बुडवा, कुलाब्याचा किल्ला मागे येईल असा फोटो काढा. मुंबईकर असाल तर मांडव्याहून रो-रो बोटीत सायकल चढवता येते. घरी पोचल्यावर झोपण्याआधी मात्र दोन बादल्या गोड्या पाण्याने सायकल धुऊन काढा, चेन कोरडी पुसा आणि प्रत्येक कडीवर तेलाचा एक एक थेंब सोडा. खारं पाणी एका रात्रीत चेन तांबडी करतं.